वहिनीच्या गच्चीवरचे बेदाणे

आमचे हे गेले, त्यानंतर कित्येक महिने मी स्वयंपाक असा केलाच नाही. हे वालचंदनगरला कंपनीत फिटर होते. सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये झाला. निवृत्तीनंतर आम्ही बारामतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि पुरती दोन वर्षंही झाली नाहीत तोच ते गेले. हृदय कमजोर आहे, तळकट बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी रोज रात्री एका वाटीत चार बदाम, दोन अंजीर आणि मूठभर बेदाणे भिजत घालायची. सकाळी ते गॅलरीत बसून एकेक चावून खायचे आणि वाटीतलं पाणीही पिऊन टाकायचे. ते गेले तेव्हा ओट्यावरच्या बरण्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या होत्या.

मग त्या बरण्यांवरच माझं भागायला लागलं. भूक लागली की झाकण उघडायचं, उभ्या उभ्याच मूठभर खायचं आणि वर तांब्याभर पाणी प्यायचं. कुकर लावायचा म्हटलं तर एवढासा भात कुणासाठी लावायचा, असं व्हायचं. आम्हाला मूलबाळ नाही. शेजारचे दोन्ही फ्लॅट बंद, त्यांचे मालक पुण्याला. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की, "जेवलात का?" म्हणायची आणि मी, "हो, झालं," म्हणायची. त्यात खोटंही काही नव्हतं. पोटात काहीतरी गेलेलं असायचं.

अशातच एक दिवस कळसहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याची कळसला द्राक्षाची बाग आहे. तो मला लहानपणापासून बायच म्हणतो.

"बाय, हाईस का घरी?"

"घरीच असते. कुठं जाणार?"

"औंदाचा माल गेला गं. ऐन काढणीला पाऊस आला, मणी तडकलं. व्यापारी आला, दोन घड हातात घेतलं आन् गाडीत बसून गेला. आता तडकलेलं काढून टाकायचं आन् राहिल्याला बेदाणा करायचा. माणसं मिळंनात. तू येतीस का?"

"मला काय येतंय त्यातलं?"

"काड्या काढायला काय शाळा लागती व्हय? ये तू."

मला वाटतं, त्याला माणसं खरोखरच मिळत नव्हती आणि मी बारामतीत एकटी काय करते, हेही त्याला दिसत होतं. पण असं तोंडानं म्हणायची आमच्या घरात रीत नाही. मी दोन लुगडी पिशवीत भरली आणि एसटीनं गेले.

दादानं बागेच्या कडेला लोखंडी पाइपांची शेड उभी केली होती. तिच्यात एकावर एक जाळ्या ताणलेल्या आणि बाजूंनी हिरवं कापड सोडलेलं. घड आधी पावडर आणि तेलाच्या पाण्यात बुडवायचे, मग जाळीवर पसरायचे. पहिले काही दिवस नुसतं बघत बसायचं. मग हळूहळू मणी सुरकुततात, हिरवे पिवळसर होतात. रंग चांगला राहावा म्हणून शेड बंद करून गंधकाची धुरी देतात. ती दिली की बाहेरसुद्धा घसा खवखवतो. वाळलेला माल खाली ताडपत्रीवर झाडायचा, काड्या काढायच्या, निवडायचा. निवडायला गावातल्या चार-पाच बायका यायच्या. त्यांच्यात मी बसायची. त्या आपापसात सुनांचं, लग्नांचं बोलायच्या आणि मी आले की, "बसा, आक्का," म्हणून जरा सरकून घ्यायच्या. मला बसायला सगळ्यांत जास्त जागा मिळायची. त्या जागेचाच मला त्रास व्हायचा.

वहिनी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. ती कधीच फार बोलायची नाही, आणि गेल्या तीन वर्षांत तर बोलणं सोडूनच दिलं होतं. त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. दादानं त्या दिवशी अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "ह्या घरात तिचं नाव निघायचं न्हाय." नाव निघालं नाही. भिंतीवरचा तिचा फोटोही खाली उतरला. तो वहिनीनं कुठं ठेवला, ते मी विचारलं नाही.

ही भाची माध्यमिक शाळेची पाच वर्षं आमच्याकडे वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहिली होती. तिच्या वेण्या मी घातल्या होत्या. लग्नानंतर तिनं मलाही फोन केला नाही. तिला वाटलं असेल, आत्या शेवटी भावाचीच. ती कुठं राहते, काय करते, काहीच मला ठाऊक नव्हतं.

कळसला जाऊन आठवडा झाला असेल. दुपारी मी वाळत घातलेलं लुगडं आणायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीच्या पलीकडे एका जुन्या पातळाखाली काहीतरी पसरलेलं दिसलं. पातळ उचललं तर द्राक्षं. निवडक, एकसारखी, घडावरून मणी मणी सोडवलेली. त्यांना ना तेलाचं पाणी, ना धुरी. ती नुसती उन्हात वाळत होती, म्हणून शेडमधल्यासारखी पिवळी न होता तांबूस काळपट झाली होती. मी एक मणी तोंडात टाकला. आधी आंबटपणा लागला आणि मागून गोडी आली.

मागं वहिनी उभी होती.

"ते नका खाऊ, वन्सं," ती म्हणाली. मग स्वतःच ओशाळली. "म्हंजे खावा, खावा. पण जरा कमीच हायेत."

"शेडमध्ये एवढा माल पडलाय. हे वेगळं कशाला?"

तिनं जिन्याकडे बघितलं. दादा खाली शेडमध्ये होता, त्याचा आवाज येत होता. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पातळाची कड सारखी करत म्हणाली, "तिला तिसरा महिना लागलाय. काय पोटात ठरंना. गंधकाच्या वासानं तर अजूनच उलटंल. म्हणून हे साधं वाळीवलंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. शेजारच्या पोरीच्या फोनवर करती कधीमधी." थोडं थांबून ती म्हणाली, "बारामतीतच हाय ती, वन्सं. तुमच्यापासून लांब न्हाय."

त्या गावात दिवसचे दिवस माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि जिच्या वेण्या घातल्या ती मुलगी तिथंच राहत होती.

"तुमी नेऊन द्याल का?" वहिनीनं विचारलं. "ह्यांला कळू न देता?"

"देते."

निघायच्या दिवशी तिनं एक स्टीलचा डबा माझ्या लुगड्यांच्या घडीत ठेवला. दादानं माझ्यासाठी शेडमधल्या चांगल्या मालाची एक पिशवी भरून दिली आणि स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडायला आला. मला पूर्ण वेळ वाटत राहिलं की डब्याचं झाकण वाजतंय.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीनं सांगितलेल्या पत्त्यावर भाचीकडे गेले. एमआयडीसीच्या बाजूला एका घराच्या वर बांधलेली पत्र्याची खोली होती. बाहेरून लोखंडी जिना. दार वाजवलं. तिनं उघडलं आणि तशीच उभी राहिली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला वाटलं, ती पाया पडेल, किंवा दार लावून घेईल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ती म्हणाली, "आत्या, मामा गेले ते मला नंतर कळलं."

आत्याच्या नवऱ्याला ती मामा म्हणायची.

"असू दे," मी म्हटलं. "आत येऊ का?"

खोलीत एक कॉट, गॅसची शेगडी, दोरीवर वाळत घातलेला कंपनीचा गणवेश. जावई एमआयडीसीतल्याच एका कारखान्यात लागला होता. त्याची पाळी बदलती असायची. त्या आठवड्यात तो सकाळी जाऊन संध्याकाळी उशिरा यायचा. तोवर ही एकटी. खालच्या मालकिणीशी पाण्यापुरतं बोलणं.

मी डबा पुढं केला. तिनं झाकण काढलं, वास घेतला आणि विचारलं, "आईनं केलेत?"

"हो. गच्चीवर."

तिनं एक घेतला, मग दोन, मग मूठ भरून. उभ्यानंच खात राहिली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला माझ्या ओट्याजवळची मीच दिसत होते. डबा अर्धा होईल की काय, असं वाटलं तेव्हा ती थांबली. म्हणाली, "उलटी होत नाहीये, आत्या." आणि मग रडायला लागली.

त्यानंतर ती दुपारची माझ्याकडे यायला लागली. रिक्षानं यायची, ऊन उतरलं की जायची. तिला तिखट, फोडणी, कांदा, काहीच सहन होत नव्हतं. पहिल्या दिवशी मी सांजा केला, साखर अगदी कमी घातली आणि वहिनीचे बेदाणे दुधात शिजवून त्यात मिसळले. तिनं दोन वेळा घेतला. मग रोज काहीतरी करून बघायचं ठरलं. खारीक रात्री दुधात भिजवायची आणि सकाळी त्याच दुधात वाटून खीर करायची. अंजीर बारीक चिरून नाचणीच्या सत्त्वात घालायचे. बेदाणे, आमसूल आणि जिरं पाट्यावर वाटून आंबटगोड चटणी करायची. ही चटणी तिला फार आवडायची. भाकरीचा तुकडा तिच्यात बुडवून खायची आणि बोटं चाटायची, अगदी शाळेत असताना चाटायची तशी.

तिच्यासाठी रांधता रांधता मीही जेवू लागले. ते माझ्या लक्षातही आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईनंच एकदा म्हटलं, "हल्ली तुमच्याकडून वास येतो हो, चांगला."

आम्ही दोघी दुपारी टीव्ही लावून बसायचो, आवाज बंद करून. ती झोपून जायची. मी तिच्या अंगावर चादर टाकायची. ती जायची तेव्हा मी गॅलरीतून रिक्षा वळेपर्यंत बघायची आणि मग घरात वळायची. तेवढं वळणं मला रोज जड जायचं. दुपार जितकी भरलेली असायची, तितकी संध्याकाळ मोठी वाटायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्याकडे नवरा येणार असायचा.

नववा महिना लागला तेव्हा वहिनीनं दादाला सांगितलं की डोळ्याला अंधारी येते, बारामतीला डॉक्टरला दाखवायचंय, वन्संकडं मुक्काम करते. दादा म्हणाला, "जा की." त्यानं अजून काही विचारलं नाही.

वहिनी येताना खारका, खोबरं, डिंक, घरचं तूप आणि बेदाण्याची पिशवी घेऊन आली. तिच्या पिशवीत डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटलीही होती, कुणी बघितलंच तर दाखवायला. भाची दुपारी आली. माय-लेकी तीन वर्षांनी समोरासमोर उभ्या होत्या. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. वहिनीनं तिच्या पोटाकडे बघितलं, मग पायांकडे.

"पाय सुजल्यात," ती म्हणाली. "मीठ कमी खा."

"हं," भाची म्हणाली.

एवढंच. मग वहिनीनं खारका काढल्या आणि दोघी जमिनीवर बसल्या. भाची खारका फोडून बिया काढायची आणि वहिनी खलबत्त्यात कुटायची. मधूनच वहिनी म्हणायची, "लई बारीक नको," किंवा भाची विचारायची, "डिंक आता तळायचा?" मी कढईजवळ उभी होते. डिंक फुलायला लागला, खोबऱ्याचा खमंग वास सुटला. हळूहळू त्यांचं बोलणं वाढलं. गावातली कोणती म्हैस व्यायली, कुणाचं लग्न ठरलं, बोअरला पाणी किती. दादाचं नाव मात्र दोघीही टाळत होत्या. मग वहिनीनं कुटायचं थांबवून एकदम विचारलं, "मारत-बिरत न्हाय ना तुला?"

"नाही गं, आई. भांडी घासू लागतो."

"भांडी?"

"हो. आणि मी झोपले असले तर उठवत नाही. स्वतःच्या हातानं वाढून घेतो."

वहिनीनं हातातला बत्ता खाली ठेवला. मग तिला हसू आलं. ते हसू थांबेना आणि मग ते रडूही झालं. भाचीनं डिंकानं चिकट झालेले हात तसेच तिच्या गळ्यात टाकले.

मी गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यांना मी नको होते, असं नाही. पण त्या घटकेला माझं तिथं काही काम नव्हतं. खाली रस्त्यावर खताचा ट्रॅक्टर अडकला होता, मागं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझ्या स्वतःच्या घरात दोन माणसं रडत-हसत होती आणि मी बाहेर उभी राहून ट्रॅक्टर कसा निघतो ते बघत होते. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण आमचे हे असते तर गॅलरीत माझ्याबरोबर कुणीतरी उभं असतं, हेही मनात आलंच.

लाडू वळून झाल्यावर वहिनीनं त्यांचे दोन वाटे केले. मोठा लेकीचा. छोटा माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "तुमीबी खावा, वन्सं. तुमच्या अंगात काय ऱ्हायलंय?"

मुलगी झाली. दवाखान्यात मी होते, जावई होता, जावयाची आई होती. बाळाला आधी त्यांच्या हातात दिलं, मग मला. वहिनीला फोनवर दाखवलं. ती गोठ्यात जाऊन बघत होती, मागं म्हशीचं शेपूट हलत होतं. "नाक आमच्यावर गेलंय," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. दादा आला असावा.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि जावयाला चाकणला चांगली नोकरी लागली. टेम्पोत सामान भरलं. भाची जाताना म्हणाली, "आत्या, तुम्ही या राहायला. खरंच या." मी, "येईन की," म्हटलं. पत्र्याच्या त्या खोलीला कुलूप लागलं. काही दिवसांनी मी उगीच त्या बाजूनं गेले तर तिथं दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते.

पुढच्या हंगामात पाऊस वेळेवर थांबला. माल चांगला होता, तरी दादानं थोड्या बागेचा बेदाणा करायचा ठरवलं. मला पुन्हा बोलावलं. एका दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. वहिनी घरात होती. शेडमध्ये दादा वरच्या जाळीवरचे घड हातानं परतत होता आणि मी खाली निवडत होते. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं,

"पोरगी म्हणं?"

माझा हात थांबला. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालास?"

"तिला. पोरगी झाली म्हणं."

"हो," मी म्हटलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगायला कशाला पायजे? गच्चीवर टाकीमागं काय वाळतंय ते मला दिसत न्हाय व्हय? गोठ्यातला फोन ऐकू येत न्हाय व्हय?" तो घड परततच होता. "वैनीच्या डोळ्याला कायबी झाल्यालं न्हाय. सुईत दोरा ववती ती अजून." तो बायकोला माझ्यासमोर तुझी वैनी म्हणायचा, तेवढा 'तुझी' त्या दिवशी विसरला.

मी पदराला हात पुसले आणि फोन काढला. बाळाचा फोटो लावून त्याच्यासमोर धरला. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. "हात चिकट हायत," म्हणाला. "तूच धर."

मी धरून उभी राहिले. तो पाइपला एक हात लावून वाकून बघत होता. मला वाटतं, त्यानं खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, "उजेडात नीट दिसंना," आणि पलीकडच्या रांगेला गेला. तिथून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी परत निवडायला बसले. संध्याकाळी जेवताना तो नेहमीसारखाच गप्प होता आणि मीही वहिनीला काही सांगितलं नाही. ते त्यानं सांगायचं होतं.

त्यानं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण माल पेट्यांत भरून झाल्यावर वहिनीनं एके सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या त्याला म्हटलं, "मी चाकणला चाललीय, लेकीकडं." डोळ्यांचं, दवाखान्याचं काही नाही. सरळ. हे तिनंच मला नंतर फोनवर सांगितलं. दादानं चहा संपवला आणि म्हणाला, "पिशवी जड असंल. स्टँडवर सोडतो."

तो स्वतः गेला नाही. अजूनही गेलेला नाही. विचारलं तर म्हणतो, बागेचं कोण बघणार.

वहिनी बारामतीच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती. पुण्याची विनाथांबा गाडी तिला दाखवायला मी स्टँडवर गेले. तिच्याजवळ बेदाण्याच्या दोन पिशव्या होत्या, एक गच्चीवरच्यांची, एक शेडमधल्या मालाची. "ही ह्यांनी भरली," शेडमधल्या पिशवीकडे बोट दाखवून ती म्हणाली. आम्ही कँटीनला चहा घेतला. ती घाबरली होती आणि सारखी पुन्हा पुन्हा विचारत होती की स्वारगेटला उतरल्यावर जावई नक्की येईल ना. मी तिला खिडकीजवळ बसवलं, पिशव्या पायाशी ठेवल्या, कंडक्टरला सांगितलं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मी तो धरून दोन पावलं चालले.

गाडी अर्धी रिकामी होती. तिच्या शेजारच्या सीटवर कुणीच नव्हतं. त्या वेळी कुणी नुसतं चला म्हटलं असतं, तर मीही गेले असते.